प्रौढ वय, प्रपंच आणि गाणे
(पहूर येथे भरलेल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या संमेलनात शिष्यवृत्त्या, वधूवरांची नोंद, वसतिगृहाचा निधी आणि वर्षाचा ताळेबंद एवढे विषय झाले म्हणजे दिवस पुरा होतो. त्या गर्दीत आम्ही गाण्याचा विषय घेऊन उभे राहिलो, तर याचा समाजकार्याशी संबंध काय, असे कोणीही विचारील. आमचे उत्तर असे की, मंडळ मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहते, लग्ने जुळविण्याची वाहते, वृद्धांचीही वाहते. परंतु ज्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली, त्या जोडप्याची काळजी कोणीच वाहत नाही. मुलगा पुण्याला नोकरीस लागतो, मुलगी सासरी नांदते, आणि घरात दोन माणसे समोरासमोर उरतात. त्यांच्यात बोलणे होते ते कपाशीच्या भावाचे, बँकेच्या हप्त्याचे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे. भांडण नसते, पण संवादही नसतो. या वयात दोघांनी मिळून, शक्य तर चार कुटुंबांनी मिळून, समोर बसून गाणे ऐकावे, हे आजचे आमचे सांगणे आहे.

गाणे हे शहरातल्या फावल्या लोकांचे काम, असा आपल्याकडे एक समज आहे. तो आपल्या भूमीवर अन्याय करणारा आहे. पहूरहून फर्दापूरच्या रस्त्याने गेले की अजिंठ्याची लेणी लागतात. तेथील पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे आणि तिच्याभोवती बासरी व तालवाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया आहेत. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी चित्रकाराला राजाचा संसार रंगवावयाचा होता, तेव्हा त्याला त्यात गाणे-बजावणे घालावेच लागले. आपल्या जवळच्या काळात यावे, तर नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी लहानपणी गाण्याचे धडे जळगावात मेहबूबखाँ यांच्यापाशी घेतले. आणि ज्यांना उस्तादही नव्हता आणि अक्षरओळखही नव्हती, त्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शेतात आणि जात्यावर गाणी रचीत होत्या. त्या १९५१ साली निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा रात्र जागविणाऱ्या बाया, गावोगावचे वहीगायन, कार्तिकातला पहाटेचा काकडा, ही सारी आपलीच संपत्ती आहे. आपल्या आयांना गाणे ऐकण्यासाठी तिकीट काढावे लागत नव्हते. त्या स्वतःच गात होत्या.

मग बदलले काय? गाणे कमी झाले नाही. उलट ते फार झाले. खिशातल्या यंत्रात हवे ते गाणे हव्या त्या क्षणी मिळते. पण ते ज्याच्या त्याच्या कानापुरते असते. एका खोलीत चार माणसे चार गाणी ऐकतात आणि एकमेकांस परकी राहतात. समोरच्या गाण्याची गोष्ट निराळी आहे. गायकाने समेवर यावे आणि पन्नास माना एकदम हलाव्यात, कोणाच्या तोंडून नकळत ‘वा’ निघावी आणि ती ऐकून गायकाने तीच जागा पुन्हा नव्या तऱ्हेने घ्यावी, हे यंत्रात घडत नाही. तेथे श्रोताही गाण्याचा भागीदार असतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीला मनाई केली आणि ती मनाई १९७१ पर्यंत टिकली, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. त्या तीस वर्षांत आपल्या देवळांतल्या भजनांची पेटी काही बंद पडली नाही, कारण तिचा आधार सरकारी यंत्रावर नव्हता, समोर बसलेल्या माणसांवर होता.

आणि या भागीदारीला प्रौढ वयाइतके योग्य वय दुसरे नाही, असे आमचे मत आहे. तरुणास द्रुत तान आवडते. विलंबित ख्यालात सावकाश उलगडणारा राग ऐकण्याचा धीर त्याला नसतो. पन्नाशीच्या माणसाने पीक बुडालेले पाहिलेले असते, आईबापांना खांदा दिलेला असतो, लेक सासरी धाडलेली असते. एखादा स्वर फार वेळ का ठेवला, हे त्याला शास्त्र न शिकताही उमगते. शिवाय देहाचेही एक कारण आहे. वयाबरोबर कानाची शक्ती हळूहळू उणावते, आणि ती प्रथम उंच, बारीक ध्वनींची उणावते. जे ऐकावयाचे ते पुढे केव्हा तरी ऐकू, असे म्हणण्यास म्हणूनच फारसा अवकाश नाही.

येथे भगिनींविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. आपल्या घरांत लग्नापूर्वी गाणाऱ्या स्त्रिया थोड्या नव्हत्या. लग्नानंतर त्यांचे गाणे कोणी बंद केले असे नव्हे. त्याला वेळच कोणी ठेवला नाही. भजन घरी असले तर गृहिणी चहाच्या आधणापाशी असते, आणि बाहेर असले तर पहाटेचे पाणी नि दूध आठवून ती प्रथम उठते. दरवर्षी जानेवारीत जळगावला वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानचा बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. एका वर्षी आम्ही चार कुटुंबे मिळून एक जीप ठरवून त्यास गेलो होतो. परतताना, रात्रीच्या थंडीत, आमच्या सौभाग्यवती सहज म्हणाल्या, की आज ऐकलेले एक नाट्यपद त्यांची आई चुलीपाशी बसून म्हणत असे आणि त्यांना स्वतःला ते पुरते येत होते. सव्वीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट आम्हांस त्या रात्री प्रथम कळली. नेरीपासून पहूर येईपर्यंत जीपमधल्या सर्व भगिनींनी आपापल्या आयांची गाणी आठवून म्हटली, आणि पुरुषमंडळी गप्प बसून ऐकत होती. महोत्सवातले गाणे उत्तम होतेच. पण घरी आणलेली शिदोरी ती ही.

गाण्याचा आनंद घेताना गाणाऱ्याच्या संसाराचा विसर पडू देऊ नये. १९११ साली ‘संगीत मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. आपण तिच्याकडे केवळ कौतुकाने पाहतो. आमच्या मनात मात्र असे येते की, प्रेक्षकांच्या एका रात्रीच्या सुखासाठी एका घराने केवढे मोल दिले! आपल्या मंगलकार्यात सनईवाल्याशी शंभर रुपयांची घासाघीस करावयाची आणि कर्णकर्कश डीजेला हजारो रुपये निमूट मोजावयाचे, हा व्यवहार आपल्या समाजाला शोभत नाही. जो समोर बसून गातो-वाजवितो त्याला सन्मानाने बोलवावे, वेळेवर जेवू घालावे आणि ठरलेले मानधन पाकिटात घालून द्यावे.

त्या डीजेविषयी एवढेच सांगतो की, ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासांपर्यंत सोसावा असे तज्ज्ञ म्हणतात, आणि त्यावर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्म्याने घटते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास उरतो. वरातीत भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे नातवंडे नाचवितांना हा हिशेब आजोबांनी मनाशी करून पाहावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकार सवलत देते ती वर्षातून मोजक्या दिवशी आणि मध्यरात्रीपर्यंतच. यामुळे रात्रभर चालणाऱ्या मैफली संपल्या, अशी हळहळ रसिक करतात. ती खरी आहे. परंतु दिवाणखान्यातल्या चाळीस माणसांना ध्वनिक्षेपक लागतोच कशाला? आणि पहाटेचे राग ऐकावयाचे तर रात्र जागण्याऐवजी पहाटे उठावे; आपण शेतकऱ्यांची मुले, ते आपणांस अवघड नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवावी. कपाशीच्या वेचणीचे दिवस वगळावेत, म्हणजे गैरहजेरीचे निमित्त उरणार नाही. दर वेळी दोन घरांनी यजमानपण घ्यावे. बैठक सतरंजीवर असावी, हारतुरे व भाषणे नसावीत. चहा पुरुषांनी करावा, आणि तो गाणे संपल्यावर करावा. पहिला अर्धा तास घरच्या मंडळींचा असावा: कोणी ओवी म्हणावी, कोणी अभंग, कोणी कानबाईचे गाणे. नंतर परिसरातल्या भजनी मंडळास किंवा गायन शिकणाऱ्या एखाद्या होतकरू मुलामुलीस बोलवावे. मुले सुटीला आली असतील तर त्यांस बसवावे, पण जबरदस्तीने नव्हे. पूर्वी पाचोरा-जामनेर छोटी गाडी पहूरला थांबत होती, आणि शेंदुर्णीची, जामनेरची पाहुणेमंडळी तिने येत असत. ती गाडी २०२० साली बंद पडली. म्हणून ज्याच्याकडे वाहन आहे त्याने येताना शेजारगावच्या दोन घरांना सोबत घ्यावे. वाटेतले बोलणे हा त्या संध्याकाळचा अर्धा लाभ आहे.

यास मंडळाच्या निधीतून एक पैसाही नको. हवी ती आपल्या दिनक्रमातली एक संध्याकाळ, आणि ज्यांच्यासह आयुष्य काढले त्या माणसाशेजारी दोन तास निवांत बसण्याची तयारी. पहिली बैठक आमच्या घरी, येत्या पौर्णिमेस, सायंकाळी सात वाजता आहे. कुटुंबासह यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.