बांडगूळ कोणाला म्हणायचं?



'परजीवी' हा विषय व्याख्यानाच्या पत्रिकेवर छापून आला तेव्हा एका स्नेह्यांनी फोन करून विचारलं, "नावं घेऊन बोलणार का?" त्यांच्या मनात राजकारणातलं कोणीतरी असावं. त्यात त्यांची चूक नाही. दुसऱ्याच्या पंगतीला फुकट जेवणाऱ्याला ग्रीक लोक 'पॅरासिटोस' म्हणत, आणि जीवशास्त्राने तो शब्द माणसांकडूनच उचलला. आपण मात्र झाडावरचं बांडगूळ काढून माणसाला चिकटवलं.

तेव्हा आधी बांडगूळच नीट पाहू. फाल्गुन-चैत्रात चिचपल्लीवरून मूलकडे जाताना मोहाची झाडं उघडीबोडकी दिसतात. एखाद्या फांदीवर तेवढा हिरवागार झुबका असतो. तो मोहाचा नव्हे. जवळ जाऊन पाहा: पानं जाड, चिवट, आणि जिथे त्याचं मूळ फांदीत घुसलंय तिथे गाठ आलेली. या हिरव्या पानांत बांडगूळ आपली साखर स्वतः तयार करतं. झाडाकडून ते पाणी आणि क्षार ओढतं. म्हणजे हा अर्धाच परजीवी. अर्थात झाडाला तेही जड जातं. बांडगुळं फार झाली की पुढची फांदी वाळते.

सालिम अली यांनी १९३१ मध्ये कोकणातल्या बांडगुळावर आणि त्याच्या पक्ष्यांवर लेख लिहिला होता. शिंजीर त्याच्या फुलांतला मध पितो आणि परागकण वाहतो. अंगठ्याएवढा फुलटोच्या फळं खातो, चिकट बी त्याच्या अंगाला चिकटून राहतं, मग तो ते दुसऱ्या फांदीवर घासून काढतो. तिथेच ते रुजतं. झाडाच्या हिशेबात तोट्याचं असलेलं हे बांडगूळ पक्ष्यांच्या हिशेबात भर उन्हाळ्यातलं अन्नछत्र आहे.

जीवशास्त्राची कसोटी साधी आहे. एका जीवाने दुसऱ्याच्या अंगावर किंवा अंगात राहायचं, त्याच्याकडून पोषण घ्यायचं आणि त्यात त्याचं नुकसान व्हायचं. ताडोबातला वाघ चितळ मारून खातो, पण तो चितळाच्या अंगावर राहत नाही, तो शिकारी. फांदीवर वाढणारी आमरी झाडावर नुसती बसते, त्याचं काही घेत नाही. तिलाही परजीवी म्हणता येत नाही. आळस, ऐतखाऊपणा या गोष्टी कसोटीत कुठेच नाहीत.

आळशी तर परजीवी नसतोच. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांतल्या हिवतापाचा परजीवी पाहा. डास चावला की तो रक्तातून यकृतात जातो, तिथे हजारोंनी वाढतो, मग तांबड्या पेशींत शिरून त्यांतलं हिमोग्लोबिन खातो. साधारण ४८ तासांनी त्या पेशी फुटतात आणि पुढच्या पेशींवर धाड पडते. लॅव्हेरान यांनी १८८० मध्ये तो माणसाच्या रक्तात पाहिला. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात. दोघांनाही नोबेल मिळालं. गडचिरोलीचा हिवताप अजून गेलेला नाही.

या परजीवीने माणसाचं रक्तच बदलून टाकलं. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच त्याचा जनुक आला, तर मेंदूपर्यंत जाणाऱ्या हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळतं. अ‍ॅलिसन यांनी हे १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. दोघांकडूनही आला तर मात्र त्या लेकराच्या वाट्याला जन्मभराच्या वेदना येतात. हिवतापापासून बचावाची किंमत इतकी जबर असते.

आता हत्तीरोग. क्युलेक्स डास घाण पाण्यात, आपल्या नाल्यांत वाढतो. त्याच्यामार्फत आलेला कृमी दोऱ्यासारखा असतो आणि लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतो. त्याची सूक्ष्म पिल्लं दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात; डासाची चावायची वेळही तीच. म्हणून आरोग्य खात्याची माणसं या रोगासाठी रात्री घरोघर जाऊन बोटातून रक्त घेतात. लोक वैतागतात, "आता झोपायच्या वेळी कायले आले?" म्हणतात. वेळ ठरवली आहे ती कृमीने.

आणि इथे आपला रोजचा शब्द उघडा पडतो. पाय सुजून जड झालेला माणूस रोवणीला बांधीत उतरू शकत नाही. चिखलात कातडी चिरते, ताप भरतो. तो ओसरीवर बसून राहतो, आणि घरातलंच कोणीतरी म्हणतं, "बसून खातो, बांडगूळ नुसता." कसोटी लावून बघा. परजीवी त्याच्या अंगात आहे. त्याला पोसतोय हा माणूस, आणि शिवीही ह्यालाच. नालीत पाणी तुंबू दिलं कोणी, याचा हिशेब कोणी मागत नाही. जी सून दिवसभर राबते पण रोख मजुरी आणत नाही, जो म्हातारा बैल वळतो पण औत धरू शकत नाही, त्यांनाही हाच शब्द लागतो. माझ्या मते जीवशास्त्रातला हा शब्द माणसांसाठी वापरूच नये. सावकाराला सावकार म्हणा, दलालाला दलाल म्हणा. शब्द पुरेसे आहेत.

जाता जाता एवढंच सांगतो. रात्री पथक दाराशी आलं तर बोट पुढे करा. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आले तर त्या खिशात ठेवू नका. जेवून, त्यांच्यासमोरच गिळा. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी यांना मात्र त्या द्यायच्या नसतात. आणि उद्या सकाळी आपल्या घरामागची नाली वाहते की तुंबली आहे, तेवढं बघा.