झेरॉक्सची मुभा कुठवर?

नेमलेल्या पुस्तकांतल्या प्रकरणांचे झेरॉक्स-संच विकले म्हणून २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर आणि विद्यापीठावरही दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेतला: शिकवण्याच्या ओघात, त्या कामापुरती प्रत काढणे हा हक्कभंग नाही. मग लेखक-प्रकाशकांचे काय, हा आक्षेप रास्तच आहे. पण एकेका प्रकरणासाठी इतकी महाग पुस्तके विद्यार्थी विकत घेणारच नव्हते, हेही न्यायालयाने ओळखले. मात्र ही मुभा अभ्यासाच्या गरजेला बांधलेली आहे. आख्खे पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांना वाटणे या निकालाच्या आडोशाला मुळीच बसत नाही. तिथे लेखकाच्या कष्टांवर सरळ घाला पडतो.