पुसट झालेले कागद
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



बँकेत आयुष्यभर कागदच वाचले, म्हणून सेक्रेटरींनी हा विषय माझ्या गळ्यात मारला. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आपल्या एका वहिनींकडे फ्लॅटचे पैसे भरल्याबद्दल १९९९ साली फॅक्सने आलेलं पत्र होतं. गुळगुळीत कागद, अक्षरं जवळजवळ उडालेली. मी मोठ्या हौसेने ती बॉलपेनने गिरवून दिली. कचेरीतून पत्र परत आलं. म्हणाले, हे नंतर लिहिलेलं आहे. बरोबरच होतं त्यांचं! खाडाखोडीचा चेक मी स्वतः परत पाठवत असे. शिवाय रकमेतल्या ८ चा मी ३ करून ठेवला होता, आणि खालचा मूळ आकडा आता दिसेना. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण मला रात्रभर झोप नाही. नशीब, आपल्या पहिल्या सेक्रेटरींनी त्याची झेरॉक्स तेव्हाच फाइलला लावली होती. तिनेच काम झालं.

म्हणून पहिला नियम: मूळ कागदावर पेन चालवायचं नाही. वाचायचं असेल तर खिडकीजवळ ठेवून, फ्लॅश बंद करून मोबाइलने फोटो काढा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून कॉन्ट्रास्ट वाढवा, बरंच काही वर येतं. बॉलपेनची शाई गेली तरी दाब राहतो. अंधारात टॉर्च एका बाजूने आडवा धरा, खळगे दिसतात. दौतीतली जुनी, लोह असलेली शाई तपकिरी होऊन फिकटते. नोटा तपासायच्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ती गडद दिसते. त्या दिव्याकडे मात्र थेट बघू नका.

फॅक्स आणि एटीएमच्या पावत्यांचा कागद उष्णतेने काळा होतो. म्हणून लॅमिनेशन नको, इस्त्री नको. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा उन्हात ठेवल्या तर अक्षरं उडतात. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा.

आणि फोटो हा वाचण्यापुरता. तो मूळ कागदाची जागा घेत नाही. नोंदणी झालेला करारनामा पुसट झाला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल घ्या.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी सोसायटीच्या ऑफिसात टॉर्च आणि दिवा घेऊन बसणार आहे. आपापले कागद आणा. पेन मी घरी ठेवून येईन!