माळावरचा पंखेवाला

चंद्रपूर आणि गडचिरोली हीं नांवें ऐकतांच श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर साग-बांबूचीं अरण्यें उभीं राहतात आणि पाठोपाठ ताडोबाचा वाघ. परंतु याच मुलखांत, जेथें दाट झाडी संपून खडकाळ माळ, गायरान किंवा पडीक शेत लागतें, तेथें दोन-तीन इंच अंगाचा एक सरडा राहतो. वाघासाठीं लोक दुरून येतात. याच्यासाठीं कोणी वाट वांकडी करीत नाहीं.

त्याचा रंग मातीचा, पाठीवर शंकरपाळ्यासारख्या गडद खुणा आणि शेपूट अंगाहून बरेंच लांब. कुंपणावरच्या सरड्याच्या मागच्या पायाला पांच बोटें असतात, याच्या पायाला चारच. हा झाडाचा फारसा आश्रय घेत नाहीं. घाबरला कीं मागच्या दोन पायांवर उभा राहून धूम ठोकतो. मुंग्या, वाळवी, बारीक किडे हें त्याचें अन्न. ऐन उन्हाळ्यांत नर एखाद्या दगडावर चढून गळ्याखालची घडीची कातडी पंख्यासारखी उलगडतो आणि मिटतो. मादीला बोलावणें आणि दुसऱ्या नराला दटावणें, हीं दोन्ही कामें त्या पंख्यावर होतात. पंखा दुरून दिसावयाचा तर मैदान मोकळें हवें. मादीला अंडीं पुरावयाचीं तर जमीनहि उघडी हवी.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनीं १८२९ सालीं पाँडिचेरीवरून या सरड्याला 'सिताना पाँटिसेरियाना' असें नांव दिलें. १८७० सालीं जेर्डन यांनीं दख्खनचा सरडा वेगळा असल्याचें नोंदविलें. तरी पुढें दीर्घकाळ देशांतील असे बहुतेक सरडे क्युव्हिए यांच्या एकाच नांवाखालीं मोडत राहिले. अखेर २०१६ सालीं व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ठिकठिकाणचे सरडे मोजून आणि त्यांचें आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिलें. त्यांतून पांच नव्या जाती निघाल्या आणि एक नवा गणहि. गण म्हणजे जवळच्या जातींचें एकत्र घर. निळा, काळा व नारिंगी पंखा मिरविणाऱ्या या गणाला त्यांनीं आपला मराठी शब्दच दिला : 'सरडा'. २०१८ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गोकाकच्या नांवानें आणखी एका जातीची भर पडली.

हा नांवांचा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. सर्वांना एकाच नांवानें मोजलें, तर एखाद्या माळावरची निराळी जात नाहींशी झाली तरी हिशेबांत तूट दिसत नाहीं. शिवाय या एवढ्याशा जिवावर माळाचा व्यवहार कसा जुळलेला असतो, हें सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडीच्या पठारावर दिसून आलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासांत, जेथें पवनचक्क्या होत्या तेथें शिकारी पक्ष्यांची संख्या इतर भागाच्या जवळजवळ चतुर्थांशावर आढळली. खाणारा कमी झाल्यामुळें तेथें सरडे वाढले आणि माणूस जवळ आला तरी लवकर पळेनासे झाले; परंतु त्यांची अंगकाठी खालावली आणि रंगहि फिके पडले. एक दुवा ढळला कीं साखळी कोठवर हलते, तें यावरून समजावें.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे अरण्याला कायद्याचें व लोकांच्या कौतुकाचें संरक्षण आहे. माळाला तें सहसा लाभत नाहीं. दप्तरांत 'पडीक' हा शेरा पडला कीं ती जमीन रिकामी समजली जाते. मग कोठें खाणीची माती येऊन पडते, कोठें सद्‍हेतूनें सरसकट रोपें लावलीं जातात. वृक्षारोपण हें पुण्यकर्म खरें. परंतु जेथें मुळांतच गवत आणि ऊन यांचें राज्य आहे, तेथें सावली घातल्यानें माळाच्या रहिवाशांचें घर जातें. झाड लावण्यापूर्वीं त्या जागीं आधीं कोण राहतें एवढें पाहावें. वैशाखाच्या उन्हांत, एखाद्या दगडावर, उत्तर देणारा पंखा उलगडून बसलेला सांपडण्याचा संभव आहे.