पोषणशास्त्र म्हणजे नुसता स्वयंपाक नव्हे
(गणेशोत्सवातील महिला कार्यक्रमात दिलेले भाषण)



बुद्धिदात्याच्या उत्सवात शिक्षणाबद्दल चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची सूचना होती. विषय मात्र आपल्यातल्याच एका वहिनींनी दिला. परवा आरतीनंतर त्या म्हणाल्या, "लेक बी.एस्सी. झाली, आता पोषणशास्त्रात एम.एस्सी. करायचं म्हणते. तिचे बाबा म्हणतात, दोन वर्षं खर्च करून शेवटी स्वयंपाकच ना शिकणार?" हातात प्रसादाचा द्रोण होता, म्हणून मी नुसती हसले. उत्तर आज देते.

हे उत्तर खरे तर नव्वद वर्षांपूर्वीच एका मुलीने दिले आहे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या या धाकट्या भगिनी. जन्म इंदूरचा, म्हणजे आपल्या लेकींसारखाच महाराष्ट्राबाहेरचा. 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील व काका त्याच संस्थेत शिकलेले. पण संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाताईंनी सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला: पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम, आणि त्यांच्यामुळे इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये! वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि पुढे इतर मुलींनाही तिथे दार उघडले. दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम करून 1936 मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली, 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी.

आता स्वयंपाकाचे बघा. आपल्याकडे वाल भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि मग बिरडे करतात. का? कच्च्या वालात प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारा घटक असतो. भिजवून, मोड आणून आणि विशेषतः नीट शिजवल्यावर त्याचा जोर कमी होतो. कडधान्यांतल्या अशा घटकांवर कमलाताईंनी मुंबईत संशोधन केले. आजीला कृती ठाऊक होती, शास्त्राने कारण सांगितले. नीरा या पेयावरील कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कारही मिळाला.

तेव्हा या अभ्यासात जीवरसायन आहे, शरीरक्रियाशास्त्र आहे, संख्याशास्त्र आहे, रुग्णाचा आहार आहे. मंडला-दिंडोरीची कोदो-कुटकी आपल्या बाजारात येते. तिच्यात काय आहे, बाळंतिणीला ती कशी द्यावी, हेही यातच येते.

मी स्वतः ही पदवी लग्नानंतर, मुलगा पहिलीत असताना घेतली. सासूबाई आमटी वाढताना विचारायच्या, "सांग बघू, यात प्रथिने किती?" मी अडखळले की म्हणायच्या, "मग जा, वाच. भांडी मी बघते." परीक्षेच्या दिवसांत सगळे घर त्यांनीच सांभाळले. ती पदवी निम्मी त्यांची आहे.

पण फक्त कौतुक करून थांबणार नाही. नुसत्या पदवीवर नोकरी धावत येत नाही. प्रवेशापूर्वी तीन गोष्टी विचारा. प्रयोगशाळा प्रत्यक्ष चालते का? रुग्णालयात शिकाऊ म्हणून काम मिळते का? नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला ही पदवी चालते का? 2021 च्या कायद्याने आहारतज्ज्ञांचा समावेश आरोग्यसेवेच्या मान्य व्यवसायांत झाला आहे, म्हणून तेही नियम पाहून घ्या. चौकशी आपल्या जबलपूरच्या गृहविज्ञान महाविद्यालयापासून सुरू करता येईल. पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहेच. 1918 साली कुन्नूरला सुरू झालेल्या ज्या प्रयोगशाळेतून ती वाढली, तिथे कमलाताईंनीही काम केले होते.

त्या बाबांना माझी एवढीच विनंती. कमलाताईंना दार ठोठावावे लागले ते परक्या कचेरीचे. आपल्या लेकीला ते घरातच ठोठवावे लागू नये.

गणपती बाप्पा मोरया!