थोडे पैसे, पण वेळेवर



  

आज मी सार्वजनिक पैशाविषयी बोलणार आहे. गावातल्या, वाडीतल्या, चाळीतल्या लोकांनी मिळून उभ्या केलेल्या कलेला सरकारी तिजोरीतून जी छोटी मदत मिळते, तिच्याविषयी. कुणाला हा विषय दीक्षान्त समारंभासाठी लहान वाटेल. पण ही मदत योग्य माणसापर्यंत पोचते की वाटेतच विरून जाते, हे पुष्कळसं तुमच्यासारख्या शिकलेल्या तरुणांवर अवलंबून असतं. म्हणून हा विषय आज तुमच्यापुढे मांडते.

सुरुवात एका जुन्या गोष्टीने करते. 1966-67 साली बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. सरकारच्या हस्तकला-विकासाच्या कामातल्या पुपुल जयकर यांना वाटलं, की मिथिलेतल्या बायका घराच्या भिंतींवर जी चित्रं काढतात ती कागदावर उतरली, तर त्यांच्या हातात चार पैसे येतील. त्यांनी भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराला तिकडे पाठवलं. कुलकर्णी कागद घेऊन मधुबनीच्या गावांत गेले. तिथल्या चित्रकार जगदंबा देवींना 1975 मध्ये आणि सीता देवींना 1981 मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर पोचले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे त्यांना तिथे भेटले आणि म्हशे यांची रेषा कागदावर आली. 2011 साली म्हशे यांनाही पद्मश्री मिळाली. आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो आणि वारली चित्रकला जगाला माहीत आहे.

या दोन्ही ठिकाणी सरकारने काय दिलं, ते नीट पाहा. कागद दिला. एक जाणता माणूस दारापर्यंत पाठवला. चित्रं विकली जावीत यासाठी खटपट केली. कुठे भवन बांधलं नाही, महोत्सव भरवला नाही. पैसा थोडाच होता. त्याला फळ आलं, कारण गरज होती तेव्हाच तो पोचला आणि पोचवणाऱ्याला कलेची जाण होती.

याच कथेची दुसरी बाजूही तुम्हाला ठाऊक हवी. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सवासिणी लिहितात आणि लग्न लावणारी धवलेरी गाणं म्हणते. ती साऱ्या पाड्याची कला होती. कागदाबरोबर सही आली, सहीबरोबर एकेका कलावंताचं नाव आलं. म्हशे यांचा मान त्यांच्या कर्तृत्वाचाच आहे. पण चौक लिहिणाऱ्या सवासिणींपैकी किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? सार्वजनिक पैसा नावाच्या शोधात निघाला, की समूह मागे राहतो. म्हणूनच समूहाला, मंडळाला, वस्तीला मिळणारं अनुदान वेगळं जपावं लागतं.

महाराष्ट्राला याची जुनी सवय आहे. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालत आली आहे. अनामत भरायची, केंद्रावर प्रयोग करायचा आणि प्रयोगानंतर निर्मितिखर्चाची ठरलेली रक्कम घ्यायची, एवढाच व्यवहार. त्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत बँकेतले कारकून, शाळामास्तर, एसटीतले कर्मचारी नट आणि दिग्दर्शक झाले. 1953 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण निधीत कामगार, मालक आणि शासन तिघंही भर घालतात. त्याच निधीतून कामगारांच्या नाट्यस्पर्धा होत आल्या. साहित्य आणि संस्कृती मंडळ 1960 साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालं, आणि त्याची नवलेखक अनुदान योजना ज्यांच्या पाठीशी कुणी प्रकाशक नाही त्यांचं पहिलं पुस्तक छापायला मदत करत आली आहे.

सरकारचा पैसा घेतला की सरकारची भाटगिरी करावी लागते, असं मानणाऱ्यांनी आपल्याच रंगभूमीचा इतिहास पाहावा. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 साली राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने रंगमंचावर आलं. एका गावात प्रयोग करायला आलेली हौशी मंडळीच त्या नाटकाच्या केंद्रस्थानी आहेत, आणि त्यांच्या निमित्ताने तेंडुलकरांनी साऱ्या मध्यमवर्गाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. 1972 च्या डिसेंबरात पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने तेंडुलकरांचंच ‘घाशीराम कोतवाल’ केलं, तेही याच स्पर्धेसाठी. त्यावरून उठलेलं वादळ मोठं होतं. लोकांना अस्वस्थ करणारी ही नाटकं लोकांच्याच पैशाने चालणाऱ्या मंचावर उभी राहिली, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. हिशोब काटेकोर मागावा, पण संहितेत हात घालू नये. अनुदान देणाऱ्याचा धर्म हाच आहे.

आता मुख्य दुखण्याकडे येते. ते आहे वेळेचं.

सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि 31 मार्चला संपतं. लोककलेचं वर्ष वेगळं असतं. तमाशाचे फड दसऱ्याच्या सुमाराला बाहेर पडतात. नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांत वर्षाची खरी कमाई होते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात कार्तिकातल्या जत्रांपासून दशावतारी नाटकं उभी राहतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचा हंगाम दिवाळी ते होळी. म्हणजे ज्या महिन्यांत कार्यालयं निधी संपवण्याच्या घाईत असतात, नेमक्या त्याच महिन्यांत कलावंत गाडीत किंवा मंचावर असतो. आणि ज्या महिन्यांत त्याला पैसा हवा, तेव्हा फाईल टेबलावर असते. हंगामाआधी फडमालकाला कलाकारांना उचल द्यायची असते, ट्रक दुरुस्त करायचा असतो, कनात शिवायची असते. अनुदान हंगाम उलटून आषाढात आलं तर तोवर त्याने ते पैसे व्याजाने काढलेले असतात. मग लोकांचा पैसा कलेकडे न जाता सावकाराच्या व्याजात जातो.

मोठी संस्था थांबू शकते. तिच्याकडे ठेव असते, बँक तिला उभं करते. लहान मंडळाला थांबणं परवडत नाही. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कार्यक्रम व निर्मिती अनुदानात साधारणपणे पाच लाखांपर्यंत मदत मिळते. त्यातले 75 टक्के आधी आणि उरलेले 25 टक्के काम झाल्यावर, हिशोब दिल्यावर. कागदावर ही वाटणी रास्त आहे. पण दंडार हे लोकनाट्य करणाऱ्या ज्या मंडळाची सारी पुंजी म्हणजे ढोलकी, टाळ आणि लुगडी, त्याने तो शेवटचा चौथा हिस्सा कुठून आणायचा? त्यातही अर्जासाठी संस्था नोंदलेली हवी, काही वर्षांचं काम हवं, तपासलेले ताळेबंद हवेत. माझं आग्रहाचं म्हणणं आहे, की पन्नास हजारांच्या आतल्या अनुदानासाठी रीत वेगळी असावी: अर्ज एका पानाचा, आपल्या भाषेत, रक्कम हंगामाच्या आधी आणि एकरकमी, आणि पुरावा म्हणून प्रयोगाचे फोटो, पावत्या आणि ग्रामसभेत वाचलेला हिशोब.

पाणी नाही, शाळेचं छप्पर गळतंय, तिथे नाटकाला पैसे कशाला, असा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. त्याचा आदर करा. तो गरजेतून आलेला असतो. पण उत्तरही द्या. लोक कलेसाठी स्वतःची झीज सोसतातच. वडसा-देसाईगंजची झाडीपट्टी नाटकं तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांवर उभी आहेत, आणि तिथला शेतमजूरही तिकिटाचे पैसे मोजतो. ज्या प्रकारांना आता तिकीटबारी उरलेली नाही, ती विदर्भातली खडीगंमत, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांचे चित्रकथीचे खेळ, आणि ज्या वस्तीत अजून काहीच सुरू झालेलं नाही तिथला पहिला प्रयत्न, यांना लोकांच्या तिजोरीचा आधार हवा. आणि दोन महिने एकत्र तालीम केलेल्या माणसांना एकमेकांवर विसंबता येतं, जमाखर्च चारचौघांत मांडता येतो, मतभेद झाला तरी प्रयोग पार पाडता येतो. अशा माणसांचं गाव पाण्यासाठीही एकत्र बसतं.

स्नातकांनो, भास्कर कुलकर्णींनी कागद पोचवला. आज पोचवण्याचं काम तुमच्यापुढे आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनो, तुमच्या गावातल्या एका भजनी किंवा नाट्यमंडळाची रोजकीर्द लिहून द्या. उपयोगिता प्रमाणपत्र कसं भरतात ते त्यांच्यापैकी एखाद्या मुलीला शिकवा, म्हणजे पुढच्या वर्षी तुमची गरज उरणार नाही. कायद्याच्या पदवीधरांनो, त्यांची घटना लिहा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून द्या. भाषा आणि कला शाखेतल्या मित्रांनो, अर्जात त्यांचं काम त्यांच्याच शब्दांत उतरवा. दंडारीला दंडारच म्हणा, तिला परक्या शब्दांचा साज चढवू नका. आणि तुमच्यापैकी जे स्पर्धा परीक्षा देऊन शासनात जातील, त्यांच्याकडे माझी सगळ्यात मोठी मागणी आहे. टेबलावर आलेल्या पन्नास हजारांच्या फाईलला पाच कोटींच्या फाईलइतकीच घाई असते. उलट जास्तच, कारण तिच्यामागे थांबायला कुणाकडे बळ नसतं. निवड समितीवर बसाल, तेव्हा ओळखीचं नाव आलं तर उठून बाहेर जा. आणि मंजूर झालेल्या मंडळाचा प्रयोग प्रत्यक्ष जाऊन पाहा, मागच्या रांगेत बसून, सत्कार न घेता.

हे काम कुणी बातमीत छापणार नाही. त्याने तुमचा पगारही वाढणार नाही. तरीही करा, कारण ज्या विद्यापीठाने तुम्हाला पदवी दिली तेही लोकांच्याच पैशावर उभं आहे. ज्यांनी कधी या प्रांगणात पाऊल ठेवलं नाही, त्यांनीही साबण-तेल विकत घेताना, एसटीचं तिकीट काढताना कराच्या रूपाने तुमच्या शिक्षणाला हातभार लावला आहे. त्यांच्या गाण्याला, त्यांच्या खेळाला, त्यांच्या रंगरेषांना त्यांचाच पैसा वेळेवर पोचवणं हे त्यांचं तुमच्याकडे असलेलं येणं आहे.

येत्या वर्षभरात तुमच्यापैकी प्रत्येकाने एका मंडळाचा एक अर्ज भरावा, तो मंजूर होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा आणि पै-पैचा हिशोब गावासमोर वाचावा, एवढं वचन मी आज तुमच्याकडे मागते. तुमच्या कर्तृत्वाला आणि तुमच्या आयुष्याला माझे आशीर्वाद.

जय महाराष्ट्र, जय हिंद.