सशाचा मेंदू

अविचारी, भलत्याच धाडसाच्या बेताला इंग्रजीत 'हेअरब्रेन्ड' असे एक विशेषण आहे. देवनागरीत ते एकाच तऱ्हेने लिहावे लागते आणि रेडिओपाशी बसलेल्या श्रोत्याला तर त्यातला भेद कळण्याचा मार्गच नाही. इंग्रजी लिपीत मात्र त्याची दोन रूपे आढळतात. एकात एच-ए-आर-ई, म्हणजे ससा. दुसऱ्यात एच-ए-आय-आर, म्हणजे केस. पहिले रूप शिष्टसंमत आणि दुसरे लिहिणारा अडाणी, असा सार्वत्रिक समज आहे. बंगळूरच्या एका कचेरीत एका तरुण मराठी कारकुनाने टिपणीत केसाचे रूप लिहिले, तेव्हा तांबड्या फुलीबरोबर त्याच्या शाळेचाही उद्धार झाला.

फुली योग्यच होती. सरकारी कागदात प्रमाण रूप असावे. पण तो उपहास? हा शब्द १५४८ पासून लेखनात सापडतो. त्याच शतकात सशालाही एच-ए-आय-आर लिहीत, आणि स्कॉटलंडात ती चाल अठराव्या शतकापर्यंत टिकली. त्यामुळे जुन्या लेखकाच्या मनात ससा होता की केसाएवढा मेंदू, हे नुसत्या अक्षरांवरून ठरवता येत नाही. आपल्याकडे तरी काय? साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. त्यापूर्वीच्या पुस्तकांतले 'नांव' आणि 'कांहीं' आजचा विद्यार्थी चूकच म्हणेल. लिहिणारे मात्र चांगले व्युत्पन्न होते.

खरा अन्याय झाला आहे तो सशावर. वसंतात ससे मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना ठोसे लगावतात, म्हणून इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवले. वास्तविक ती बहुधा मादी असते आणि नको असलेल्या नराला हुसकावीत असते. यात वेडेपणा कोठे आला? आपल्या पंचतंत्रातला ससा तर सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावतो.

बंगळूरचीही एक दंतकथा आहे. केंपेगौडाला या जागी एक ससा शिकारी कुत्र्याला पिटाळून लावताना दिसला. ही वीरांची भूमी, असे मानून त्याने तो शुभशकुन समजला. त्याने येथे मातीचा कोट बांधला तो १५३७ साली. इंग्रजीत सशाच्या मेंदूची पहिली नालस्ती नोंदली गेली, ती त्यानंतर अकराच वर्षांनी.